गेम म्हटलं की बैठक संपवू नका: शिरोलीच्या कारखानदारांना खुलं पत्र

प्रति,
शिरोली औद्योगिक वसाहतीतील फाउंड्री आणि मशीनशॉपचे चालक-मालक,
पुलाची शिरोली, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर



मी ब्राउझरमध्ये चालणारे गेम बनवतो. वडील पॅटर्नमेकर होते, त्यामुळे कोअरबॉक्स, श्रिंकेज, फेटलिंग हे शब्द आमच्या घरात जेवणाच्या ताटावर असायचे. पुढे मी कॉम्प्युटर शिकलो, पण शिरोली सोडली नाही. गेली काही वर्षं आपल्यापैकी अनेकांच्या केबिनमध्ये येऊन बसलो आहे. मागणं प्रत्येक वेळी एकच होतं. नव्या कामगाराला वितळलेल्या लोखंडाजवळ उभं करण्याआधी त्याच्या हातात एक लिंक द्या आणि ज्या चुका भट्टीपुढे परवडत नाहीत, त्या त्याला आधी पडद्यावर करू द्या.

आपण वेळ दिलात, चहा पाजलात, याबद्दल आभारच आहेत. पण ‘गेम’ हा शब्द आला की बैठक संपते, हा अनुभव आता इतक्यांदा आला आहे की तो उघडपणे मांडणं भाग आहे. “आमची पोरं आधीच मोबाईलनं बिघडल्यात, त्यात तुमचं आणि नवं काय?” असं एकानं विचारलं. “ॲप झालं की या,” असं दुसऱ्यानं सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी मोठा खर्च करून आणलेला व्हीआर हेडसेट खोक्यात पडून होता. तो कसा वापरायचा हे माहीत असलेला माणूस नोकरी सोडून गेला होता. त्या अनुभवानंतर ‘ट्रेनिंगमध्ये टेक्नॉलॉजी’ हा विषय तिथे कायमचा मिटला.

पहिली तक्रार ‘गेम’ या शब्दाच्या भीतीबद्दल आहे. ही भीती कुठून आली ते मला कळतं. घराघरातली मुलं पबजीत अडकलेली आपण पाहिली. सप्टेंबर 2020 मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. रमीच्या जाहिराती पाहून पगार उडवणारे कामगारही आपल्याच शेडमध्ये होते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद करणारा कायदा केला, तेव्हा मला आनंदच झाला. पण त्या कायद्याच्या नावात नियमनाच्या आधी ‘प्रोत्साहन’ आहे, आणि शिकवणाऱ्या, पैसे न लावता खेळायच्या गेमना त्यात वेगळी जागा आहे. दिल्लीने जो फरक केला तो शिरोलीने करायला हरकत नसावी.

दुसरी तक्रार ‘ॲप आणा’ या आग्रहाची. ॲप का नको ते मी सांगतो. आपल्या कामगारांकडचे बहुतेक फोन स्वस्तातले असतात, मेमरी फोटोंनी भरलेली असते, आणि व्हॉट्सॲपवरून आलेली एपीके फाइल उघडली म्हणून बँक खातं रिकामं झाल्याच्या बातम्या रोज येतात. त्याच माणसाला आपणही एक फाइल पाठवायची आणि ‘ही मात्र उघड’ म्हणायचं? ब्राउझरमधल्या गेमला काही बसवावं लागत नाही. भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की तो उघडतो, कॉन्टॅक्ट मागत नाही, मेसेज वाचत नाही, आणि पान बंद केलं की खेळ संपला. पत्र्याच्या शेडमध्ये नेटवर्क येत नाही, हा आपला नेहमीचा आक्षेप. त्यालाही उत्तर आहे. एकदा गेटवर उघडलेला गेम ब्राउझर स्वतःजवळ साठवून ठेवू शकतो आणि पुढे नेटवर्क नसतानाही चालवतो.

यात जादू नाही. पानाचा सांगाडा एचटीएमएलमध्ये, हालचाल जावास्क्रिप्टमध्ये, चित्र कॅनव्हासवर. 2011 मध्ये वेबजीएल आलं आणि ग्राफिक्सची चिप थेट वेबपानाला वापरता येऊ लागली, त्यामुळे थ्रीडी आलं. 2017 मध्ये वेबअसेंब्ली आली आणि सी किंवा सी++ मध्ये लिहिलेला जड हिशेबही ब्राउझरमध्ये वेगाने होऊ लागला. त्याच वर्षअखेरीपर्यंत चारही मोठ्या ब्राउझरांनी ती स्वीकारली. फेझर, थ्री-जेएस, गोडो ही सगळी साधनं फुकट आणि खुली आहेत. 2012 पासून दरवर्षी एक स्पर्धा होते, तीत अख्खा गेम 13 किलोबाइटमध्ये बसवायचा असतो, आणि मुलं बसवतात. आपला सुपरवायझर रिजेक्ट झालेल्या कास्टिंगचा जो फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो, तो याच्या कितीतरी पट जड असतो.

हे कायम टिकेल का, असंही आपण विचारता. रास्त प्रश्न आहे. अनेक कारखान्यांच्या कपाटात ट्रेनिंगच्या सीडी आहेत. त्यांतल्या फ्लॅशमध्ये बनवलेल्या आता सहजी उघडत नाहीत, कारण अडोबीने 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅश बंद केलं. एका कंपनीच्या मालकीच्या साधनावर सगळं उभं केलं की असं होतं. आजच्या ब्राउझरमधलं तंत्र खुल्या मानकांवर उभं आहे, त्यावर कुणा एकट्याची मालकी नाही. म्हणून माझ्यासकट कुणाहीकडून गेम करून घ्याल तेव्हा त्याचा सोर्स कोड आपल्या ताब्यात घ्या, ही विनंती मी आत्ताच करून ठेवतो.

आता मुख्य गोष्ट. नवा मुलगा येतो तेव्हा काय होतं हे आपण माझ्याहून चांगलं जाणता. कंत्राटदाराच्या गाडीतून उतरतो, हेल्मेट आणि बूट मिळतात, तासाभराचं इंडक्शन होतं, रजिस्टरवर सही किंवा अंगठा होतो आणि तो लाइनवर जातो. इंडक्शन मराठीत किंवा हिंदीत, मुलगा कदाचित ओडिशाचा, कदाचित सीमेपलीकडच्या कन्नड गावातला. दर 4 मार्चला सुरक्षा दिनाची शपथ, बॅनर, फोटो. 1987 मध्ये फॅक्टरी ॲक्टमध्ये 111-अ हे कलम घातलं गेलं आणि सुरक्षेचं प्रशिक्षण हा कामगाराचा हक्क झाला. आपल्याकडे तो हक्क बहुतेक ठिकाणी त्या रजिस्टरमध्येच राहिला.

भट्टीत ओलं स्क्रॅप टाकू नये, हे वाक्य प्रत्येक इंडक्शनमध्ये असतं. पाणी धातूखाली अडकलं तर त्याची वाफ होताना ते क्षणात सोळाशे पटींहून जास्त फुगतं आणि चौदाशे-पंधराशे अंशांचा धातू उसळून बाहेर येतो. मुलगा मान हलवतो. पण दोन्ही तोंडं दाबून बंद झालेला पाइपचा तुकडा, सीलबंद शॉक ॲब्सॉर्बर, तळाशी तेल राहिलेला डबा हे ढिगात समोर आले की ते बाजूला काढायचे, हे त्या वाक्यातून कसं कळावं? याचा गेम मी बनवून ठेवला आहे. पडद्यावर स्क्रॅप येत राहतं. भट्टीत जाणारं एकीकडे, न जाणारं दुसरीकडे. चूक झाली की भट्टी उसळते आणि कोणता तुकडा होता ते दिसतं. अर्ध्या तासात शेकडो तुकडे डोळ्यांखालून जातात. खऱ्या चार्जिंग प्लॅटफॉर्मवर एवढा सराव कोण कुणाला देईल?

दुसरा गेम एसजी आयर्नचा, म्हणजे ज्यात ग्राफाइटच्या गोळ्या तयार होतात त्या लोखंडाचा आहे, आणि तो माझा सर्वांत आवडता. मॅग्नेशियमची ट्रीटमेंट झाली की घड्याळ सुरू होतं. मॅग्नेशियम उडत जातं, इनॉक्युलेशनचा परिणाम ओसरतो, धातू थंड होत जातो. साधारण दहा मिनिटांत सगळं पोरिंग उरकायचं. समोर मोल्डची रांग, काही पातळ भिंतींचे, काही जाड. पातळ आधी घेतले नाहीत तर धातू नीट न जुळता कोल्ड शट येणार. उशीर झाला तर ग्राफाइटच्या गोळ्या गोल राहणार नाहीत. खेळाडू लॅडल फिरवतो, भरतो, आणि शेवटी एक निर्णय घ्यावा लागतो. उरलेला धातू पुढच्या मोल्डमध्ये घालायचा, की पिगमध्ये ओतून मोकळं व्हायचं? टार्गेट पुरं करायचं म्हणून ओतला तर पुढच्या पडद्यावर मायक्रोस्कोप उघडतो आणि त्याने ओतलेल्या कास्टिंगचं पोट दिसतं. ‘उशीर झालेला धातू ओतू नये’ हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते त्याने स्वतः पाहिलेलं असतं.

एका जुन्या मेल्टरना मी तो दाखवला. ते बराच वेळ खेळले आणि म्हणाले, “घड्याळ बरोबर हाय, पण आमी नुसतं घड्याळ बघत न्हाई.” मग त्यांनी कास्टिंग हातोडीने वाजवून दाखवलं. एसजी नीट जमलं असेल तर ते खणखणीत वाजतं, बिघडलं असेल तर बद्द. ते आवाज ऐकल्यापासून माझ्या डोक्यात तिसरा गेम घोळतो आहे. चांगल्या आणि बिघडलेल्या कास्टिंगचे खरे आवाज रेकॉर्ड करायचे, आणि खेळाडूने डोळे मिटून नुसत्या कानावर ओळखायचं. ब्राउझरला आवाज हाताळणं चांगलं जमतं. वाचता न येणारा माणूसही हा गेम खेळू शकेल. अडचण एकच आहे. ते आवाज माझ्याजवळ नाहीत, ते आपल्या नॉक-आउटजवळ, म्हणजे साच्यातून कास्टिंग बाहेर काढतात तिथे आहेत.

इथेच माझी सगळ्यांत मोठी तक्रार आहे, आणि ती मी आदर ठेवूनच करतो. तंत्र आता कुणाकडेही आहे. कमी पडतो तो आपल्या शेडमधला अनुभव, आणि तो आपण साठवत नाही. वाळू मुठीत दाबून ओलावा सांगणारा माणूस, वेज तोडून पांढऱ्या भागाच्या खोलीवरून धातूची जात सांगणारा माणूस, फेटलिंगला बसून दिवसभर डिफेक्ट हाताळणारी बाई ही माणसं निवृत्त होत आहेत. त्यांना निरोपाची शाल देतो, फोटो काढतो, आणि त्यांना जे कळत होतं ते त्यांच्याबरोबर गेटबाहेर जातं. लाइन बदलायला आपण कर्ज काढता, ही हिंमत मी पाहिली आहे. या माणसांसमोर महिन्यातून दोन तास एक मुलगा वही घेऊन बसवायला मात्र आपल्याला वेळ मिळत नाही.

आपल्याला नवं काही करायची सवय नाही, असं मी म्हणूच शकत नाही. याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा घडवला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ काढला. उद्यमनगरातल्या कारागिरांनी बाहेरची इंजिनं उघडून पाहिली आणि आपली केली; शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या त्याच ओळीत उभ्या राहिल्या. आज जिल्ह्यात अडीचशे-तीनशे फाउंड्र्या आहेत. एवढी दाट वस्ती देशात फार थोड्या ठिकाणी सापडेल. गेम बनवणाऱ्याला जो कच्चा माल लागतो, म्हणजे खऱ्या चुका, खरे डिफेक्ट, खरे निर्णय, तो इथे रोज बाहेर पडतो आणि रिजेक्शनच्या ढिगावर जातो.

बाहेर काय झालं तेही पाहावं. भौतिकशास्त्राचं 2001 चं नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात ‘फेट’ सुरू केलं. लंबक, विजेचं सर्किट, वायूचा दाब असे प्रयोग ब्राउझरमध्ये हाताने खेळून करायचे. त्यांतले अनेक मराठीतही आहेत, आणि पुलाच्या शिरोलीतला सातवीतला मुलगा ते फुकट उघडू शकतो. फाउंड्रीच्या अंगाने तर काम घरचंच आहे. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या गटाने ‘ई-फाउंड्री’ उभी केली, जिथे कास्टिंगचं थ्रीडी मॉडेल वेबवर चढवून श्रिंकेज कुठे येईल ते पाहता येतं. ते डिझाइनरसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी आहे. तिथपासून लॅडल धरणाऱ्या मुलापर्यंतचं अंतर माझ्या माहितीत अजून कुणी कापलेलं नाही. आणि नुसत्या करमणुकीच्या बाजूला पाहिलं तर ‘शेपेझ’ नावाचा गेम आहे, जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला. त्यात कन्व्हेअर टाकून, यंत्रं मांडून कारखाना उभा करायचा. जगभर मुलं तो आवडीने खेळतात. लाइन बॅलन्सिंग शिकवायला आपण जे क्लास लावतो, त्यातलं बरंच त्या मुलांना आधीच कळतं.

मशीनशॉपवाल्यांना वेगळं समजावण्याची गरज नाही. ऑफसेट चुकला की टूल जॉबवर आदळतो आणि स्पिंडलचा खर्च कुणाच्या नावावर टाकायचा यावर भांडण होतं. जी-कोड ब्राउझरमध्ये चालवून टूलचा मार्ग पाहणं आज सहज शक्य आहे. ती टक्कर मशीनवर होण्याऐवजी पडद्यावर झाली तर ऑपरेटरची झोपही शाबूत राहील.

एक गोष्ट मी लपवणार नाही. पडद्याला ऊब नसते. लॅडलचं वजन, भट्टीपुढे चेहऱ्याला लागणारी धग, बारा तासांच्या शिफ्टनंतरचा थकवा यांतलं काहीही गेम शिकवत नाही, आणि जो विक्रेता तसं सांगेल त्याला दारातून परत पाठवावं. गेम झाला म्हणून उस्तादाच्या हाताखालचे दिवस कमी करू नयेत. फोन शॉपफ्लोअरवर नेऊ नये हा आपला नियमही योग्य आहे. खेळायची जागा ट्रेनिंग रूम किंवा कँटीन.

आता मागणं सांगतो.

रिजेक्शनचे फोटो द्या. पार्ट नंबर, गिऱ्हाइकाचं नाव पुसून द्या, गुप्ततेच्या करारावर सही घ्या. ब्लो होल, श्रिंकेज, सँड इन्क्लूजन, मिसमॅच यांचे स्वच्छ फोटो आणि सोबत ‘कारण काय निघालं’ एवढं एक वाक्य. हे एका कारखान्याने एकट्याने करण्यापेक्षा ‘स्मॅक’सारख्या इथल्या कारखानदारांच्या संघटनेने सगळ्यांचं एकत्र केलं तर शिरोलीचा स्वतःचा असा संग्रह होईल, जो विकत कुठेच मिळत नाही.

खेळायचा वेळ शिफ्टमध्ये धरा. काम संपल्यावर थकलेल्या माणसाला ‘घरी जाऊन खेळ’ म्हणणं हे प्रशिक्षण नव्हे, त्याच्या झोपेवर टाकलेला भार आहे.

गेममधले गुण पगाराला जोडू नका. यावर मी अडून राहणार आहे. ज्या दिवशी चुकणाऱ्याचं नाव नोटीस बोर्डावर लागेल, त्या दिवसापासून कामगार चुका लपवायला शिकेल, आणि आपण हे सगळं नेमकं त्याच्या उलट गोष्टीसाठी करतोय. कोणत्या तुकड्यावर सगळेच चुकतात हे आपल्याला कळावं. कोण चुकला हे कळायची गरज नाही. माझ्या गेममध्ये नाव विचारतच नाही.

भाषा कामगाराची ठेवा. मराठी, हिंदी, कन्नड, ओडिया चारही, आणि सूचना त्यांच्यातल्याच कुणाच्या आवाजात. इथेही ब्राउझर उपयोगी पडतो. कित्येक गेम इंजिनांत आपली जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. ब्राउझर देवनागरी, कन्नड, ओडिया तिन्ही लिप्या मुळातच नीट काढतो.

आणि कामाचे पैसे द्या. कॉलेजच्या मुलांना बोलावून “प्रोजेक्ट म्हणून करून द्या, सर्टिफिकेट देतो” म्हणणं थांबवा. कोल्हापूर, इचलकरंजी, वारणेच्या कॉलेजांतून कॉम्प्युटर शिकलेली मुलं शुक्रवारी रात्री पुण्याहून एसटीने येतात आणि रविवारी परत जातात. त्यांतल्या दोघा-तिघांना इथे टिकवायला फार मोठी रक्कम लागत नाही. एखादी बिघडलेली हीट जेवढं बुडवते, त्या हिशेबाने विचार करावा. राज्य सरकारने सप्टेंबर 2025 मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगच्या धोरणाला मंजुरी दिली आहे. शिरोलीने हात पुढे केला नाही तर त्यातलं सगळं मुंबई-पुण्यातच जिरेल. उद्योगांच्या संघटनेने मागितलं तर ऐकलं जातं, माझ्यासारख्याने मागितलं तर अर्ज फाइलला लागतो.

यातलं सगळं एकदम होणार नाही हे मी जाणतो. म्हणून सुरुवातीला लहान काहीतरी मागतो. आपल्यापैकी कुणा एकाने मला एका शिफ्टपुरती नॉक-आउटजवळ उभं राहायची लेखी परवानगी द्यावी. हेल्मेट, बूट, कानाचे प्लग मी माझे आणतो. सोबत हातोडी वाजवणारा एक जुना माणूस हवा, आणि बाजूला काढलेली चांगली-वाईट कास्टिंग हवीत. त्या आवाजांवरचा गेम तयार झाला की तो शिरोलीतल्या प्रत्येक कारखान्याला विनामूल्य मिळेल, आणि ज्यांनी कास्टिंग वाजवली त्यांचं नाव, त्यांची संमती असेल तर, पहिल्या पडद्यावर असेल.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एका पॅटर्नमेकरचा मुलगा,
पुलाची शिरोली